पट्टीची दुरुस्ती

ड्रायव्हर झुंबर सांगून सांगून थकला होता. तो चालवायचा त्या जुन्या व्हॅनमधला एअरबॅग बिघडल्याचा दिवा महिनाभर विझत नव्हता, आणि रोज त्याच व्हॅनमधून कारखान्यातल्या बायका कामाला जायच्या. शेवटी कारखान्याचे मालक आबासाहेब स्वतः आले आणि त्यांनी दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली.

"झाली दुरुस्ती! आता दिसतोय का दिवा? मग पुन्हा रडगाणं नको."

झुंबरनं नुसती मान डोलावली. दमलेला माणूस वाद तरी किती घालणार?

पुढच्याच आठवड्यात आबासाहेबांच्या भाचीचं लग्न होतं. फेटा बांधून ते ऐटीत पुढच्या सीटवर बसले, आणि ऐन माळरानावर व्हॅन बंद पडली. तेवढ्यात फोन आला, "भटजी मुलीच्या मामाला बोलावतायत! कुठं आहात?"

"पेट्रोल संपलं? अरे, दिवा लागला नाही का?" आबासाहेब कडाडले.

"सकाळीच लागला होता, आबा. लगेच दुरुस्त केला." पेट्रोलच्या दिव्यावर आणि काट्यावर काळी पट्टी होती.

आबासाहेबांनी नखानं सगळ्या पट्ट्या उखडल्या. मग झुंबरनं मागून पेट्रोलचा डबा काढला.

"हे डब्यात आणता आलं, आबा. धडक बसल्यावर एअरबॅग कुठून आणू?"