सरावाच्या गावाला एक उद्या मिळण्याबाबत

वरील विषयास अनुसरून प्रथम हे नमूद करणे आवश्यक आहे की, त्या राज्यात जमीन नव्हती. पाणी होते, पाण्यात कासवे होती, आणि कासवांच्या पाठीवर गावे होती. एकेका पाठीवर आठ-दहा गावे असत, पण प्रत्येक गावाची समजूत अशी, की सगळी पृथ्वी आपल्याच पायाखाली आहे. ही समजूत शाबूत राहावी म्हणून राखणदार नेमलेले होते. खाली कासव आहे हे ठाऊक असणे ही त्यांची पात्रता, आणि ते कुणाला न सांगणे ही त्यांची नोकरी.

पुढे जुनी कासवे थकली आणि नव्या जातीची, रुंद पाठीची कासवे आली. सगळी गावे जुन्या पाठीवरून नव्या पाठीवर न्यावीत, आणि तीही अशी की कुणाच्या पानातली आमटी हिंदकळू नये, असा हुकूम निघाला. हुकूम काढणाऱ्यांनी गाव कधी उचललेले नव्हते, त्यामुळे हुकूम फार सुबक भाषेत होता. राखणदारांना प्रशिक्षणाला बोलावण्यात आले. त्यांत साळोजी नावाचे एक साळिंदर होते. उत्तरेकडच्या एका कासवावर त्यांनी बावीस वर्षे काढली होती, आणि त्या काळात त्यांच्याबद्दल एकही तक्रार नव्हती, कारण ते तिथे आहेत हे कुणाला माहीतच नव्हते.

प्रशिक्षक होते धनेशपंत. धनेश पक्ष्याची चोच आधीच मोठी, त्यात तिच्यावर एक शिंग; त्यामुळे ते तोंड उघडण्याआधीच वरिष्ठ वाटत.

सरावासाठी एक गाव राखून ठेवलेले होते. ते मातीचे किंवा कागदाचे नव्हते. झाडे, बिळे, विहीर आणि रहिवासी असलेले चांगले खरेखुरे गाव होते. फार पूर्वी एका सकाळी त्याचा ठसा घेतलेला होता. दिवसभर शिकाऊ राखणदारांनी ते गाव उचलावे, सरकवावे, हातून निसटू द्यावे. संध्याकाळी पंत ठसा लावत, आणि गाव पुन्हा त्याच सकाळी जाऊन बसे.

“घाबरू नका,” पंत पहिल्याच दिवशी म्हणाले. “मोडा, पाडा, बुडवा. इथं काही वाया जात नाही.”

गाव सरकवल्यावर एकाने आत जाऊन रहिवाशांना हादरा जाणवला का, असे विचारायचे आणि उत्तर लिहून आणायचे, असा नियम होता. अंगभर काटे असून आवाज मऊ, म्हणून हे काम साळोजींकडे आले.

वेशीजवळच्या उंबरावर एक खार राहत असे. साळोजींनी तिला विचारले, “बाई, आत्ता काही हललं का?”

“हळू बोला हो दादा, पिल्लू झोपलंय,” खार म्हणाली. “हलतंय कसलं? उद्या डोळे उघडणार आहे माझं बाळ. पहिल्यांदा. उद्या या, बघायला या.”

साळोजींनी लिहिले: जाणवले नाही.

दुसऱ्या दिवशी ते गेले. खार म्हणाली, “हळू बोला हो दादा, पिल्लू झोपलंय. उद्या डोळे उघडणार आहे माझं बाळ.” तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी तिने तोंड उघडण्याआधीच साळोजी म्हणाले, “उद्या डोळे उघडणार ना?”

“अगबाई, तुम्हाला कुणी सांगितलं?” खारीला इतका आनंद झाला की तिने त्यांना एक उंबर काढून दिले. साळोजींनी ते उभ्या उभ्या खाल्ले. चव लागली नाही.

पाचव्या दिवशी एका मुंगसाच्या हातून गावाची एक कड निसटली. उंबर मुळासकट आडवा झाला आणि पाण्यात गेला. साळोजी आत गेले तेव्हा विचारायला कुणी नव्हते. त्यांनी तो रकाना कोरा सोडला. पंतांनी मुंगसाची चूक सगळ्यांना नीट समजावून दिली, मग ठसा लावला. सकाळी खार म्हणाली, “हळू बोला हो दादा.”

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर साळोजी पंतांपुढे उभे राहिले. “एक संध्याकाळ ठसा लावू नये, अशी विनंती आहे. फक्त एक.”

“आणि परवाची तुकडी कशावर शिकणार?” पंत म्हणाले. “पुढं गेलेल्या गावावर? अहो, उद्या एक पिल्लू डोळे उघडेल, परवा ते झाडावरून उतरेल, मग त्याला नाव ठेवतील, बारसं करतील. सरावाचं गाव राहील का ते?”

“पण ते पिल्लू आहे, पंत.”

“साळोजी, काटे गळाले वाटतं तुमचे!” मागून मुंगूस म्हणाले आणि खो-खो हसले. पंतांनी मात्र चोच गंभीर ठेवली. “माझ्या हातात नाही. अर्ज करा.”

प्रशिक्षण संपले. साळोजी उत्तीर्ण झाले. परत जाऊन त्यांनी आपली नऊ गावे नव्या कासवावर नेली. एकाही पानातली आमटी हिंदकळली नाही. मग रजा टाकून ते मुख्य कार्यालयात गेले.

आवक खिडकीवर एक घोरपड बसली होती. तिने अर्ज वाचला. “पिल्लाचे डोळे होय? आमच्या साहेबांचेच अजून उघडायचेत,” असे म्हणून ती आपल्याच विनोदावर शेपूट आपटून हसली. मग तिने वही उघडली, आवक क्रमांक एक टाकला आणि म्हणाली, “उद्या या. निर्णय झालेला असेल.”

उद्या ते गेले. घोरपडीने मान वर केली. “काय काम होतं?”

“कालच्या अर्जाचं.”

“काल? कालचा काही अर्ज नाही बुवा. द्या, आणलाय का?”

साळोजींनी नक्कल पुढे केली. तिने ती वाचली. “पिल्लाचे डोळे होय? आमच्या साहेबांचेच अजून उघडायचेत.” शेपूट आपटली. वहीचे पहिले पान उघडले गेले. त्यावर कालची नोंद नव्हती. पान फाडल्याची खूणही नव्हती. घोरपडीने आवक क्रमांक एक टाकला.

साळोजींनी खिडकीतून आत पाहिले. आत सगळे आपापल्या जागी होते, आणि सकाळची वेळ असल्याने सगळेच ताजेतवाने दिसत होते.

आज सादर केलेला अर्ज एकतिसावा आहे. त्याचा आवक क्रमांक एक आहे. अर्ज प्रलंबित आहे.