म्हशींच्या शर्यतीचा साक्षीदार

"भोक कुठाय?" राजा उदंडराव गरजले. "या नव्या कॉम्प्युटरला सीडी घालायचं भोकच नाही!"

सासुरवाडीहून आलेला तो चकचकीत कॉम्प्युटर महाराजांनी पुढून पाहिला, मागून पाहिला, उलटा करूनही पाहिला. त्यांच्या हातात त्यांच्या लाडक्या गेमची सीडी होती. गेमचं नाव 'म्हशींची शर्यत'. जुना कॉम्प्युटर आता एका डावातच धापा टाकायचा आणि दुसऱ्या डावाला तापून बंद पडायचा.

प्रधानजी हात जोडून म्हणाले, "महाराज, हल्ली सीडी लागतच नाही. आभाळपेठ म्हणून एक दुकान आहे. तिथं आपल्या नावावर गेम लागला, की तो तारेतून थेट कॉम्प्युटरात उतरतो. आपण नव्यानं विकत घेतलात तर..."

"नव्यानं? माझाच गेम मी पुन्हा विकत घेऊ? मुळीच नाही! हाच गेम आभाळपेठेत माझ्या नावावर लावा. उद्या संध्याकाळपर्यंत! नाही लागला, तर मी खरी शर्यत लावीन. अंगणात! आणि म्हशी तुम्ही!"

"आम्ही?"

"सगळा दरबार! आणि दारावरच्या त्या कोंडाजीला सगळ्यांच्या पुढं जुंपा. चांगला धिप्पाड आहे!"

विड्यांचं तबक घेऊन उभ्या असलेल्या सारजानं चमकून दाराकडे पाहिलं. कोंडाजी म्हणजे तिचे आबा! त्यांचा गुडघा असा धरला होता, की दोन पायऱ्या चढायच्या तरी भिंतीचा आधार लागायचा.

दुसऱ्या दिवशी आभाळपेठेचे मुनीम झुंबरलाल दरबारात आले. नाकावर चष्मा, मांडीवर लॅपटॉप.

"सीडीवाल्यांची सोय आहे आमच्याकडे," मुनीमजी म्हणाले. "डबीच्या कोपऱ्यात एक गुप्त आकडा छापलेला असतो. तो सांगा, की गेम महाराजांच्या नावावर!"

सगळ्यांनी डबीकडे पाहिलं. डबीला कोपराच नव्हता.

"कोपरा कुठं गेला?"

महाराज खाकरले. "तो आम्ही खाल्ला."

"खाल्ला?"

"शर्यत रंगात आली, की काहीतरी चावायला लागतं आम्हाला!"

मुनीमजींनी चष्मा काढून पुसला. "मग गेम महाराजांचाच आहे कशावरून? डबी काय, कुणाच्याही हातात असेल. उसनी आणलेली असेल! साक्षीदार आणा. पण महाराजांचं मीठ खाणारा मुळीच चालायचा नाही."

"अहो, अख्खं राज्य माझंच मीठ खातं!"

"शेजारच्या राज्यातला आणा."

"त्यांच्याशी आमचं भांडण आहे!"

"मग इलाज नाही," म्हणत मुनीमजी लॅपटॉप मिटू लागले.

बाहेर अंगणात शिपायांनी चुन्याच्या रेघा मारायला घेतल्या. शिंपी प्रधानजींच्या डोक्याला शिंगं बांधून बघत होता. "जरा सैल बांध रे, टोचतंय!" प्रधानजी कळवळले. सारजा धावत दाराशी गेली, तर आबा एका कोपऱ्यात तोंड करून चमत्कारिक आवाज काढत उभे होते.

"आबा, हे काय करताय?"

"हंबरायला शिकतोय गं. पळणं तर काही जमायचं नाही. निदान हंबरणं तरी बरं निघावं!"

सारजाला हसू आलं आणि रडूही आलं. ती तशीच मागं फिरली आणि दरबारात जाऊन उभी राहिली.

"मुनीमजी, थांबा! साक्षीदार आहे. त्यानं कुणाच्याच घरचं मीठ खाल्लेलं नाही. साखरसुद्धा नाही!"

"कोण तो?"

"गेम स्वतः! महाराजांचा जुना कॉम्प्युटर आणवा."

जुना कॉम्प्युटर आला. सीडी आत गेली. तो घरघरला, थरथरला आणि एकदाचा सुरू झाला. सारजानं आजवरच्या शर्यतींचे निकाल पडद्यावर आणले. महाराज दार लावून खेळायचे, पण विडा द्यायला आत जाणाऱ्या सारजानं ते निकाल कितीदा तरी पाहिले होते.

दरबारानं माना पुढं केल्या. प्रत्येक शर्यतीत, सगळ्या म्हशींच्या शेवटी, एकच नाव होतं. उदंडराव! उदंडराव! उदंडराव! एका शर्यतीत तर महाराजांची म्हैस उलट्या दिशेनं पळून तळ्यात बसली होती.

महाराजांचा चेहरा लालबुंद झाला.

मुनीमजी हसू दाबत म्हणाले, "पण पोरी, नाव काय, कुणीही लिहील! महाराजांचं नाव टाकून दुसराच कुणी खेळला नसेल कशावरून?"

"मुनीमजी," सारजा ताडकन म्हणाली, "महाराजांच्या राज्यात, महाराजांच्या वाड्यात, महाराजांचं नाव शेवटच्या नंबरावर लिहायची छाती महाराजांशिवाय आहे कुणाची?"

मुनीमजींनी एकवार महाराजांच्या मिशांकडे पाहिलं, एकवार कमरेच्या तलवारीकडे पाहिलं आणि मुकाट्यानं लॅपटॉप उघडला. "गेम महाराजांचाच. लावला नावावर!"

नव्या कॉम्प्युटरवर म्हशी हंबरल्या. आणि महाराज हसू लागले! आधी मिशा हलल्या, मग पोट हललं, मग सिंहासन करकरलं. "माझ्या हरण्यानं मला जिंकून दिलं! शाबास गं पोरी! माग, काय हवं ते माग!"

"आबांना दारावरून काढा, महाराज."

"काढू? का? त्याचा गुन्हा काय?"

"गुन्हा नाही महाराज, गुडघा!"

महाराज पुन्हा हसत सुटले. इतके हसले, की मुनीमजींना त्यांच्या पाठीवर थापा माराव्या लागल्या. सारजाच्या हातात सोन्याच्या पाटल्या चढल्या. आणि कोंडाजींची नेमणूक झाली राजाच्या आमराईत, सावलीतल्या खाटेवर बसून आंबे राखायला!