वाटीभर साखर

मिरजेच्या हेमाताई ताटे घरं विकून द्यायच्या, पण त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर घरांपेक्षा नळाची वेळ, हरवलेली मांजरं आणि पुरणयंत्र कुणाकडे आहे याचीच चर्चा जास्त. मोघेबाईंचं घर विकायचं काम कुणाला द्यायचं हे ठरायच्या दिवशी बडे एजंट सोनटक्के खुर्चीत रेलून म्हणाले, "मला पन्नास हजार फॉलोअर आहेत, ताई. तुमच्याकडे जेमतेम तीनशे शेजारी!"

तेवढ्यात आतून मोघेबाई ओशाळून म्हणाल्या, "अगंबाई, चहा टाकला, पण साखरच संपलीय."

"मग आपण दोघंही मोबाइलवर वाटीभर साखर मागू या की," हेमाताई म्हणाल्या.

दहा मिनिटांत सोनटक्क्यांच्या पोस्टला चारशे लाइक आले आणि हेमाताईंच्या निरोपावर दारात पाच वाट्या आल्या. पाचवी घेऊन आलेल्या रझियाआपांनी जाता जाता विचारलं, "घर विकताय होय? माझ्या जावयाला दाखवू का?"

सोनटक्के फणकारले, "साखर मागणं म्हणजे धंदा नव्हे!"

हेमाताईंनी सोनटक्क्यांच्याच कपात चमचाभर साखर ढवळली. "खरंय, साहेब. पण ज्याच्या हाकेला कुणी वाटीभर साखर आणत नाही, त्याच्या शब्दावर कुणी घर कसं घ्यावं?"