घारींनी वरून पाहिलेलं

त्या राज्यात कोण कुठे राहतं हे राहणाऱ्याला विचारत नसत, गुहेला विचारत. घारींनी वर्षानुवर्षं वरून जे जे पाहिलं, ते सगळं त्या गुहेत साठवलेलं होतं. दाराशी उभं राहून शब्द टाकायचा, की तो शब्द ज्या नोंदीत असेल ती नोंद गुहा बोलून दाखवी. सोय चांगली होती. रांग मात्र फार मोठी असे.

ओढ्याकाठची वाळू म्हशींना बसायला द्यायची ठरली, तेव्हा टिटवीची अंडी त्याच वाळूत होती. पिढीजात वस्तीची नोंद दिवस मावळायच्या आत आणा, मग पाहू, असा हुकूम होता. नवऱ्याला अंड्यांवर बसवून ती रांगेत येऊन उभी राहिली.

पाळी आली. "ओढा," ती म्हणाली. झालं! गुहा जी सुरू झाली ती थांबेचना. राज्यातला एकेक ओढा, त्याचा एकेक पूर. उन्हं उतरायला लागली.

"अहो बाई, जरा नेमकं विचारा की," दारावरचं कासव जांभई देत म्हणालं.

मग तिने आईपासून आजीपर्यंत सगळं सांगितलं. गुहा गप्प.

"एवढं सगळं एका नोंदीत असतं होय? थोडक्यात विचारा."

"वाळू. घरटं." गप्प. "वाळू. अंडी." गप्प. टिटवीला रडूच कोसळलं. "अहो, आम्ही कायम तिथेच आहोत हो!"

"असाल," कासव म्हणालं. ते रोज हेच ऐकत होतं. "पण तुमचा शब्द काय कामाचा? घारीला वरून काय दिसलं असेल, ते विचारा."

टिटवी थबकली. तिच्या घराण्यात घरटं बांधत नाहीत. उघड्या वाळूवर अंडी घालतात, आणि घारीला ती ओळखू येऊ नयेत म्हणून जिवाचं रान करतात.

"ओढा. वाळू. दगड," ती कशीबशी म्हणाली.

गुहा लगेच बोलली. "ओढ्याकाठची वाळू. चार दगड. वस्ती नाही." आदल्या वर्षीही चार दगड, वस्ती नाही. ती जन्मली त्या वर्षीही चार दगड. त्या चारांत ती स्वतः होती.

"सापडली की!" कासवाने शिक्का उचलला. "देऊ?"

टिटवीने ओढ्याकडे मान वळवली. खाली म्हशी ओढ्याकडे निघाल्या होत्या.

कासवाने जरा वाट पाहिली आणि पुढच्याला हाक मारली. आपल्या बिळाची नोंद काढायला आलेलं मुंगूस पुढे झालं. घरून पाठ करून आणलेला शब्द त्याने गिळला.

"खड्डा," ते म्हणालं.