कच्च्या चुन्याची कमान

फार फार वर्षांपूर्वी भाद्रपदातल्या एका दिवशी, सूर्य उगवून बरोबर तीन घटका झाल्या होत्या, तेव्हा राजाचा जासूद नदीकाठी आला आणि सगळं तिथून सुरू झालं.

नदीवर पूल बांधायचं काम चाललं होतं. खांब उभे होते, मधली मोठी कमान तेवढी राहिली होती. कामावर शंभर माणसं आणि त्यांच्यावर एक मुकादम. माणूस कामाला चोख. त्याने पारखून घेतलेला दगड पुन्हा कुणी बघायचंसुद्धा नाही.

जासूद म्हणाला, "दसऱ्याला महाराज या पुलावरून जाणार. पूल तयार असला, तर सगळ्यांना दिवाळीला घरी सोडणार."

घराचं नाव निघालं आणि माणसांचे चेहरेच बदलले. दोन दिवाळ्या त्यांनी याच काठावर, पालाखाली काढल्या होत्या.

चुना भिजवायला एक बाई होती. तान्ह्या लेकीला झोळीत टाकून दिवसभर हौदापाशी राबायची. ती पुढे होऊन म्हणाली, "मुकादम, चुना कच्चा आहे अजून. चाळीस दिवस मुरायला हवा, अकराच झालेत. आतले खडे मागाहून फुगतील आणि सांधे उकलतील."

"अगं, तुझा चुना काय लोणचं आहे का मुरायला?" एक पाथरवट ओरडला, आणि शंभर माणसं खो खो हसली.

बाई खरं बोलतेय हे मुकादमाला चांगलं ठाऊक होतं. पण सगळे त्याच्याच तोंडाकडे बघत होते. तोही हसला. म्हणाला, "चालतंय. घ्या कामाला."

वीस वर्षांत हा शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता.

बाईने चुन्याची पाटी भरून द्यायचं नाकारलं. मग मुकादमाने तिला पलीकडच्या काठावर खडी फोडायला पाठवून दिलं. हौद दुसऱ्यांनी उपसला.

त्या दिवसापासून काम भराभर होऊ लागलं. मुकादम विचारायचा, "दगड नीट बघून घेतलात ना?" उत्तर यायचं, "चालतंय, मुकादम!" तो विचारायचा, "ओळंबा सोडून बांधकाम सरळ आहे का बघितलंत ना?" "चालतंय की!" आधी त्याला बरं वाटलं. मग हळूहळू त्याची झोप उडाली. शंभर माणसांत तो उठत-बसत होता, पण कुणाच्या शब्दावर भरवसा ठेवावा हे त्याला कळेना. जेवायला सगळ्यांबरोबर बसायचा, घास मात्र एकट्याचाच वाटायचा. कधी कधी तो नदीपलीकडे बघत राहायचा. तिकडून खडी फोडल्याचा आवाज यायचा.

त्या राज्यात एक रीत होती. कमानीखालचा लाकडी आधार काढताना मुकादमाने एकट्याने कमानीखाली उभं राहायचं.

दसरा तीन दिवसांवर आला. कमान पुरी झाली. मुकादमाने एकेकाला गाठून विचारलं, "टिकेल ना रे?" सगळे म्हणाले, "टिकेल की." म्हणताना एकानेही त्याच्या डोळ्यांत पाहिलं नाही.

तो होडीतून पलीकडे गेला. बाईने त्याला पाहिलं, पण हातोडा थांबवला नाही.

"बाई, तू सांग. टिकेल?"

"तुमचं तुम्हाला ठाऊक आहे. मला कशाला विचारता?"

"दुसऱ्या कुणाला विचारू?" मुकादम म्हणाला.

तेव्हा बाईने हातोडा खाली ठेवला. "मुकादम, कमान तुमच्या अंगावर कदाचित पडायचीही नाही. तरीही उतरवा. तुम्ही तिच्याखाली एकदाच उभे राहाल. माझी पोर मोठी झाली की रोज त्या पुलावरून जाईल."

मुकादम परत आला आणि सगळ्यांना गोळा करून म्हणाला, "कमान उतरवायची. चुना कच्चा आहे हे मला त्याच दिवशी ठाऊक होतं. चूक माझी."

"आणि आमचं घर?" कुणीतरी किंचाळलं. कामावरच्या बायका रडायला लागल्या. कुणीही हात लावला नाही. मुकादम एकटाच वर चढला आणि दगड काढू लागला.

दुपार कलली. तेव्हा तोच पाथरवट खाली मान घालून वर आला. "मुकादम, माझ्या तीन दगडांना चिरा होत्या. मी त्या मातीने बुजवल्या." मग दुसरा आला. त्याने दोन दिवस ओळंबा लावलाच नव्हता. संध्याकाळपर्यंत पन्नास हात कामाला लागले.

दसऱ्याला राजा आला तो पुलाविना परत गेला. जाताना त्याने मुकादमाचं पागोटं उतरवून घेतलं, मुकादमकी काढून घेतली. म्हणाला, "माणसांना घरी जाऊ दे. तू इथेच राहा. नवा चुना भिजव आणि चाळीस दिवस एकट्याने त्याची राखण कर."

माणसं गेली. बाईही लेकीला घेऊन माहेरी गेली. दिवाळीत दूरच्या गावात दिवे लागले, ते मुकादमाने हौदाच्या कडेला बसून पाहिले. बोलायला होती ती फक्त नदी.

तिसाव्या दिवशी माणसं परतली, बाईही आली. नवा मुकादम अजून आला नव्हता. कुणीतरी म्हणालं, "चला, सुरू करू या. कोण बघतंय?"

"अजून दहा दिवस," जुना मुकादम म्हणाला. आता तो कुणाचा मुकादम नव्हता, त्याचं ऐकायलाच हवं असं काही नव्हतं.

पाथरवटाने हत्यारं खाली ठेवली आणि त्याच्याशेजारी मांडी घातली. मग एकेक करत बाकीचेही बसले. बाईने फराळाची पुरचुंडी सोडून त्याच्यापुढे सरकवली. मुकादमाने करंजी हातात घेतली, मोडली आणि अर्धी पाथरवटाच्या हातावर ठेवली.

तो पूल कधी पडला नाही.

तात्पर्य: ज्याच्या हाताखाली माणसं असतात, त्याने आपली चूक सगळ्यांत आधी कबूल करावी, म्हणजे हाताखालच्यांना खरं बोलायची भीती उरत नाही.

तुमच्या घरातलं, शेजारपाजारचं कुणी बांधकामावर जात असेल, तर ही गोष्ट त्यांच्या कानावर नक्की घाला. ते बांधतात त्या भिंतीआड उद्या कुणाचं तरी लेकरू झोपणार असतं.