बकुळाची निरगाठ

जुन्या फुलबागेच्या अगदी शेवटच्या कोपऱ्यात, जिथे पाटाचं पाणीसुद्धा दमून उशिरा पोचायचं, तिथे एक इवलीशी झोपडी होती. झोपडीत बकुळा राहायची, तिचे आईबाबा राहायचे आणि एक खोडकर शेळी. घरात धान्य बेताचं, पण सुवास मात्र राजवाड्यासारखा! कारण बकुळाची आई गजरे करायची. पांढरीशुभ्र जाई, केशरी अबोली, पिवळीधम्मक शेवंती! केळीच्या खोडावरच्या सोपाचा ओला दोरा घेऊन आई अशी भरभर गाठी मारायची की बघणाऱ्याचे डोळे फिरावेत.

गाठी बकुळालाही येत होत्या. टोक ओढलं की चटकन सुटते ती सुरगाठ, आणि ओढावी तितकी घट्ट होते ती निरगाठ. आई सांगायची, "गुंता झाला तर ओढू नगं. ओढलं की गाठ हट्टाला पेटती. जरासं पाणी लाव, दोरा दोन्हीकडनं आत ढकल, ढील दे. मंग ती आपसूक सुटती."

पण हल्ली आईची बोटं मंदावली होती. तिच्या पोटात बाळ होतं आणि पाय सुजून जड झाले होते. बाळ येणार म्हणून बकुळा आधी खूप नाचली. मग एक दिवस पाणवठ्यावर बायकांचं बोलणं तिच्या कानावर पडलं.

"बकुळाच्या येळंला लई हाल झाले बिचारीचे. जिवावर बेतलं हुतं."

"व्हय गं. आन् आता हे दुसरं. देवच राखंल."

त्या दिवसापासून बकुळाच्या मनातून भीती काही जाईना. भाकरी गोड लागेना, खेळात मन रमेना. आई जरा कण्हली की ही हातातलं टाकून तिच्याकडे धावायची. विचारायचं तरी कुणाला? मोठी माणसं अशा वेळी 'जा, खेळ जा' म्हणतात, हे तुम्हाला माहीतच आहे.

एका सकाळी ती परडी घेऊन जाईच्या मांडवाखाली गेली. वेलीत काहीतरी लुकलुकत होतं. काजवा म्हणावा तर दिवसा कुठला काजवा? बकुळाने पानं बाजूला केली आणि बघतच राहिली. अंगठ्याएवढी चिमुकली परी! तिचे चंदेरी, निळसर पंख एका वाळक्या दोऱ्यात गुरफटले होते.

"मला सोडव ना गं," परी केविलवाण्या आवाजात म्हणाली. "ओढते आहे तसा हा आणखीच आवळतो आहे."

"तू गप बस बघू. ओढू नगं," बकुळा अगदी आईसारखी म्हणाली. तिने पानावरचं दव बोटाने टिपलं, दोरा भिजवला, हलकेच आत ढकलला. एकेक करत सगळ्या गाठी सुटल्या. पंखांवरची एक चकाकीसुद्धा सांडली नाही.

परी आनंदाने गिरकी घेऊन म्हणाली, "गोड मुली, एक मागणं माग. पण परीच्या मागण्याला नियम असतात हं! तुझी स्वतःची एखादी वस्तू या वेलीला बांधायची आणि बांधताना मागणं बोलायचं. सुरगाठ मार, कारण ज्याने बांधलं त्यालाच ते सोडता येतं. मलाही नाही. आणि गाठ सुटली की मागणं संपलं. दुसरं मिळत नाही."

दुसरी कुणी असती तर बांगड्या मागितल्या असत्या, जिलब्यांचं ताट मागितलं असतं. बकुळाने क्षणभरही विचार केला नाही. तिच्या दोन वेण्यांना जत्रेतल्या दोन लाल रिबिनी होत्या. त्यातली एक तिने सोडली आणि वेलीला बांधता बांधता ती म्हणाली, "माझी आई आत्ता हाय तश्शीच ऱ्हाऊ दे. काय बी बदलू नगं!"

परीचे पंख जरा मलूल झाले. "बकुळा, नीट विचार केलास ना?"

पण घाबरलेलं माणूस कुठे कुणाचं ऐकतं? सुरगाठ वाऱ्याने सुटली तर? शेळीने ओढली तर? बकुळाने घट्ट निरगाठ मारली, आणि तिच्यावर आणखी एक.

मागणं फळलं. आईच्या पायांची सूज वाढायची थांबली. बकुळा कितीतरी दिवसांनी शांत झोपली. फक्त त्या वेलीवरच्या कळ्या कळ्याच राहिल्या. आज उमलतील, उद्या उमलतील म्हणता म्हणता एकही उमलली नाही. बकुळाला ते दिसत होतं, पण आई ठीक होती ना? मग कळ्यांकडे कोण बघतो!

आणि एका दुपारी आईला कळा सुरू झाल्या. बाबा धावत जाऊन भागाआजीला घेऊन आले. बागेच्या आसपासची सगळी बाळं भागाआजीच्याच हातावर जन्मलेली. बकुळा दाराबाहेर कुडाला चिकटून बसली. ऊन कलू लागलं तरी बाळ काही येईना. आतून येणारा आईचा आवाज बारीक बारीक होत गेला.

भागाआजी दारात आली. तिचा चेहरा पाहून बाबा उठूनच उभे राहिले.

"कळा येत्यात, पर बाळ जागचं हलंना. घरात कुठंतरी गाठ ऱ्हायलीया. समद्या गाठी सोडा! कुलपं काढा, गाठोडी मोकळी करा!"

बाळंतपण अडलं की घरातलं काही बांधलेलं ठेवायचं नाही, अशी तिथली जुनी रीत होती. बाबांनी पेटीचं कुलूप काढलं, कपड्यांची गाठोडी सोडली, शेळीचं दावं सोडलं. शेळीची मात्र चंगळ झाली, ती थेट शेवंतीच्या वाफ्यात! बकुळाने टोपलीतले तयार गजरे उसवले, फुलं जमिनीवर विखुरली. भागाआजीने आईचे केस मोकळे केले आणि ती बकुळाच्या वेण्यांकडे वळली.

"आन् पोरी, ही एकच रिबीन? दुसरी कुठं बांधलीस?"

बकुळाचा हात रिकाम्या वेणीकडे गेला. आई आहे तशीच राहू दे, काही बदलू नको... आई तशीच राहिली होती! आईला तिनेच बांधून ठेवलं होतं.

ती जीव खाऊन मांडवाकडे पळाली. लाल रिबीन वेलीवर तशीच होती. बकुळाने ती ओढली. गाठ आवळली. तिने नखं लावली, दात लावले, गाठ आणखी आवळली. परी शेजारच्या पानावर हात जोडून बसली होती.

"सोडव की गं तू!"

"मला येत नाही, राणी. नियम आहे."

"मंग सांग तरी. गाठ सुटली की आई बरी हुईल ना?"

परीचे डोळे भरून आले. "मला माहीत नाही, बकुळा. पुढचं परीलाही दिसत नाही. पण बांधलेलं राहिलं तर सगळं इथेच थांबेल, एवढं माहीत आहे."

बकुळा मटकन खाली बसली. तिला फार फार भीती वाटत होती. ही गाठ म्हणजेच तर तिने धरून ठेवलेली आई. ती सोडायची, आणि पुढे काय होईल ते कुणालाच माहीत नाही! तिला रडू कोसळलं. मोठे मोठे थेंब टपटप रिबिनीवर पडले आणि गाठ भिजली. भिजलेल्या गाठीकडे बघता बघता तिला आईचे शब्द आठवले. ओढू नगं. ढील दे.

तिने डोळे पुसले. रिबीन दोन्हीकडून आत ढकलली. घाई झाली होती, पण तिने ओढलं नाही. वरची गाठ सैल झाली. मग खालची. "बाळा, तू ये," ती पुटपुटली. "आन् आई, तू बी ऱ्हा."

रिबीन अलगद हातात आली. आणि त्याच क्षणी वेलीवरच्या सगळ्या कळ्या एकदम उमलल्या! पांढऱ्या चांदण्याच चांदण्या, मांडवभर घमघमाट! परी उजळू लागली. आधी मोतिया, मग गुलाबी, मग सोनेरी.

"मागणं संपलं, बकुळा," ती हसून म्हणाली. "पण ही वेल तुझी. हिचा बहर कधीच संपणार नाही." सोन्याचा एक लखलखाट झाला आणि परी उजेडातच विरून गेली.

तेवढ्यात झोपडीतून आवाज आला. "ट्यँहा! ट्यँहा!"

बकुळा धावत सुटली. बाळ रडत होतं. पण आई? आईचा आवाज का येत नाही? दारापाशी येऊन ती थबकली. आत जायचा धीरच होईना.

भागाआजी पदराने घाम पुसत बाहेर आली.

"आजी, आई...?"

"जा की आत. कवाधरनं तुझंच नाव घेतीया."

आई दमली होती, घामाने भिजली होती, केस मोकळे होते. पण हसत होती. तिच्या कुशीत, बकुळाच्याच जुन्या मऊ दुपट्यात, लालबुंद चेहऱ्याची एक इवली बहीण होती. पुढे त्या वेलीने घराला कधी काही कमी पडू दिलं नाही, आईचे बाळंतपणातले डिंकाचे लाडूही त्याच फुलांच्या पैशांवर झाले. पण ते सगळं नंतर. आत्ता बकुळाने हळूच एक बोट पुढे केलं आणि बाळाने ते मुठीत गच्च पकडलं.

"अगं बाई, ही तर निरगाठच!" आई म्हणाली. "ओढू नगं हं ताई, ढील दे, सुटंल."

ताई! बकुळाने पहिल्यांदाच ऐकलं ते. ती आईला बिलगून बसली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे. ही मला सोडायचीच न्हाई."