हैबतीच्या फुशारक्या आणि साळूची भर

आपल्या पाटलांच्या खापरपणजोबांना अजून दात आले नव्हते, तेव्हाची गोष्ट. हसू नका पाटील, तुमच्या घराण्यात दात उशिराच येतात. तेव्हा ढोलवडीला पूल नव्हता. नदी होती, एक नाव होती आणि ती चालवणारा हैबती कोळी होता.

हैबतीसारखा बोलणारा पुन्हा झाला नाही. त्यानं मासा धरला की त्याची सुसर व्हायची. काटा टोचला की भाला आरपार गेलेला असायचा. तो शिंकला की पलीकडच्या काठावरचे कावळे उडायचे, असं तोच सांगायचा. नावेतले लोक ऐकायचे आणि मग सगळे दुसऱ्या टोकाला बघायचे. तिथं त्याची बायको साळू नावेतलं पाणी उपसत बसलेली असायची. मान वर न करता ती म्हणायची, "सुसर कुठली! वीतभर मासा होता. तोही मेलेला."

साळूच्या तोंडून कधी खोटं निघालं नाही, असं म्हणतात. पंचक्रोशीत तंटा झाला की लोक म्हणत, साळूला विचारा.

एका साली ज्वारी अशी पिकली की कणसांच्या भारानं शेतं खाली खचली. खळ्यावर रास पडली, म्हणजे गावाचं वर्षाचं पोटच उघड्यावर पडलं. गडीमाणसं गेली होती बाजाराला. राखणीला उरले दोन म्हातारे आणि एक कुत्रं, तेही बहिरं. नेमके तेव्हाच गावासमोरच्या काठावर, जिथं हैबतीची नाव लागली होती, लुटारू उतरले. त्यांच्या म्होरक्यानं हैबतीच्या मानेला तलवार लावली.

"गावात राखणीला किती माणसं?"

"पाचशे!" हैबती म्हणाला. "शिवाय दोन तोफा."

म्होरक्या खो खो हसला. "तुझी कीर्ती ऐकून आहे, नावाड्या. ए बाई, तू सांग. तू म्हणे खोटं बोलत नाहीस."

नदीचं पाणी वाहायचं थांबलं, असं म्हणतात. हैबतीनं डोळे मिटले. साळूनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

"साफ खोटं बोलतोय हा मेला!"

हैबतीनं मिटलेले डोळे आणखी घट्ट मिटले.

"पाचशे म्हणे! पाचशे तर नुसते वेशीत तंबाखू मळत बसलेत. आतल्यांची गणतीच नाही. भाकऱ्या थापून थापून माझी मनगटं गळायला आली. आणि तोफा दोन? दोन तर नुसत्या चिंचेखाली वाळत घातल्यात, काल धुतल्या म्हणून! या दादा, बसा, सोडते पलीकडं. जरा दाटीवाटीनं बसा, कालच्या टोळीची मुंडकी अजून नावेतून उतरवायची राहिलीत."

असं म्हणतात की तिचं बोलणं संपलं आणि गावाच्या काठावर धुळीचा लोट उठला. कुणी म्हणतं वावटळ होती, कुणी म्हणतं मेंढरं. मी म्हणतो फौजच होती. साळूचा शब्द आजवर खोटा पडला नव्हता, तो त्या दिवशी पडू द्यायचा कुणी?

लुटारू असे पळाले की घोडी मागं राहिली.

हैबती घाम पुसत म्हणाला, "साळे, जरा जास्तच झालं गं."

"जास्त? अहो, हत्ती सांगायचे राहूनच गेले!"

गावानं साळूला नावेसकट खांद्यावर उचललं आणि वाजतगाजत वेशीतून आत नेलं.

आता पूल झालाय. पण ढोलवडीची नवी सून आजही पुलावर थांबते. काठावर साळूचा दगड आहे, त्याला कुंकू लावायचं आणि नवऱ्याची एक फुशारकी मोठ्यानं सांगायची. परवा गुरवांची सून म्हणाली, "आमच्या ह्यांनी लहानपणी ही नदी एका घोटात प्यायली होती. आई रागावली म्हणून परत सोडली." गुरवांचं पोरगं लाजून लाल झालं. आणि रिवाजाप्रमाणे सगळं गाव, त्यात तिची सासू सगळ्यांत मोठ्यानं, एका सुरात ओरडलं,

"कमी सांगितलंस गं साळे, कमी सांगितलंस!"